हे काही क्रिकेट नव्हे!

इंग्रज गेला तेव्हा घाईत बरंच सामान मागे ठेवून गेला. रेल्वेचे रूळ, लाल टपालपेट्या, वकिलांचे काळे डगले आणि 'इट्स नॉट क्रिकेट' हा वाक्प्रचार. यातले रूळ अजून कामाला येतात. टपालपेटी पत्रासाठी नाही तरी पत्ता सांगायला उपयोगी पडते. डगल्यांची वकिलांना सवय झाली आहे. चौथ्या वस्तूबद्दल मात्र माझी लेखी तक्रार आहे आणि ती मी तीन प्रतींत द्यायला तयार आहे.

शाळेत आम्हाला या वाक्प्रचाराचा अर्थ शिकवला तो असा : 'हे न्यायाला धरून नाही, सभ्य माणसाला हे शोभत नाही.' वाक्यात उपयोग करून दाखवा म्हटलं की वर्गातली चाळीसही मुलं परीक्षेत कॉपी करणाऱ्या कुणा रामूला किंवा शामूला वेठीस धरायची. मास्तर खूश व्हायचे. क्रिकेट म्हणजे सभ्य गृहस्थांचा खेळ, म्हणून जे क्रिकेट नव्हे ते असभ्य, असं साधं समीकरण होतं. चाळीतल्या क्रिकेटमध्ये रोज संध्याकाळी आऊट की नॉट आऊट यावरून एकमेकांच्या शर्टाच्या गुंड्या तोडणारी तीच मुलं हे समीकरण वहीत सुवाच्य अक्षरांत उतरवून घ्यायची, याचं कुणाला काही वाटायचं नाही.

आता मी बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. भाषाशास्त्रात मला कुणी विचारत नाही. पण आमच्या धंद्यात एक सवय लागते. कुठलीही रक्कम समोर आली की ती कुठून आली ते बघायचं आणि कुणाच्या खात्यावर पडली तेही बघायचं. ही सवय मी या वाक्प्रचारावर चालवली, आणि हिशेब काही जुळेना.

पहिली गोष्ट बघा. खेळावरून आलेले वाक्प्रचार इंग्रजीत पुष्कळ आहेत. 'बिलो द बेल्ट' म्हणजे कमरेखाली वार. तो मुष्टियुद्धातून आला. १७४३ साली जॅक ब्रॉटन नावाच्या मुष्टियोद्ध्यानं त्या खेळाचे नियम लिहून काढले, त्यात प्रतिस्पर्ध्याला कमरेखाली धरायला सरळ मनाई आहे. म्हणजे त्या वाक्प्रचाराच्या पाठीशी लेखी नियम उभा आहे. 'बॉल तुमच्या कोर्टात' हा टेनिसचा. चेंडू जाळीच्या पलीकडे आहे की अलीकडे, हे आंधळ्यालाही आवाजावरून कळतं. 'गोलपोस्ट हलवणं' हा फुटबॉलचा. खांब हलवणं हा काय प्रकार आहे ते, एखाद्या सरकारी योजनेसाठी अर्ज केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

पण 'नॉट क्रिकेट'चं तसं नाही. क्रिकेटमध्ये एखादी गोष्ट नियमाविरुद्ध असेल तर तिला नाव असतं. नो-बॉल म्हणतात, वाइड म्हणतात, आऊट म्हणतात. अंपायर हात करतो, बोट करतो, विषय संपतो. 'हे क्रिकेट नव्हे' असं म्हणायची वेळ कधी येते? जेव्हा गोष्ट नियमात चोख बसत असते आणि तरीही ती कुणाला तरी आवडलेली नसते, तेव्हा! माझी सगळी तक्रार या 'कुणाला तरी'बद्दल आहे.

आता उगम. जेम्स पायक्रॉफ्ट नावाचे एक पाद्री होते. त्यांनी १८५१ साली 'द क्रिकेट फील्ड' नावाचं पुस्तक लिहिलं. 'नॉट क्रिकेट' हे शब्द छापील स्वरूपात दाखवायचे तर जाणकार या पुस्तकाकडे बोट दाखवतात. पाद्री, क्रिकेट आणि सभ्यता असा त्रिवेणी संगम आहे, म्हणून आपण हात जोडून पुस्तक उघडतो, तर आत एक अख्खं प्रकरण निघतं आणि त्याचं नाव 'क्रिकेटच्या इतिहासातलं एक काळं प्रकरण'! त्यात काय आहे? लॉर्ड्सच्या मैदानावर बसणारे सट्टेवाले, विकत घेतलेले खेळाडू, पैसे खाऊन हरलेले सामने. विल्यम लॅम्बर्ट हा त्या काळातला इंग्लंडचा अव्वल फलंदाज. मुद्दाम हरल्याच्या आरोपावरून १८१७ साली त्याला लॉर्ड्सचे दरवाजे बंद झाले. आपल्याकडे २००० साली सामनेनिश्चितीचं प्रकरण निघालं तेव्हा 'आता जुनं सभ्य क्रिकेट राहिलं नाही' म्हणून लोकांनी उसासे टाकले. जुन्या सभ्य क्रिकेटनं ते उसासे ऐकले असते तर ते गालातल्या गालात हसलं असतं.

अहो, खेळाचे नियम तरी कशासाठी लिहिले? अठराव्या शतकात लॉर्ड आणि ड्यूक मंडळी या खेळावर पैजा लावत. पैज म्हटली की भांडण आलं आणि भांडण म्हटलं की कागद आला. १७७४ साली लंडनच्या एका खानावळीत बसून बड्या मंडळींनी जे सुधारित नियम केले, त्यात पैजा कशा मोजायच्या याचीही कलमं होती. म्हणजे सभ्य गृहस्थांच्या खेळाची घटना आणि मटक्याची नियमावली एकाच कागदावर!

त्याच नियमांतली आणखी दोन कलमं बघा. बॅटची रुंदी सव्वाचार इंच. का? तर १७७१ साली हॅम्बल्डनविरुद्धच्या सामन्यात व्हाइट नावाचे एक गृहस्थ स्टंपांइतकी रुंद बॅट घेऊन खेळायला उतरले. तेव्हा रुंदीचा नियमच नव्हता. नियमात नाही म्हटल्यावर माणूस दार उचलून आणेल नाही तर काय? आणि एलबीडब्ल्यू का आलं? चेंडू बॅटनं अडवता आला नाही की फलंदाज मुद्दाम पाय मध्ये घालत, म्हणून. क्रिकेटच्या नियमावलीतलं असं एकेक कलम म्हणजे कुणा ना कुणा सभ्य गृहस्थाचं स्मारक आहे. फक्त खाली नाव कोरलेलं नाही इतकंच.

यात मला वाईट काही दिसत नाही, हं. उलट हीच या खेळाची खरी थोरवी आहे. कुणी पळवाट काढली, ती वाईट दिसली, म्हणून चारचौघांनी बसून नियम लिहिला आणि तो सगळ्यांना सारखा लावला. आमची बँक अशीच चालते. कुणीतरी एक युक्ती करतो आणि दुसऱ्या दिवशी देशभरच्या शाखांत परिपत्रक येतं. पण परिपत्रक आलं की ते मॅनेजरलाही लागू असतं, शिपायालाही. 'लेजरचा आत्मा' नावाची वेगळी चीज आमच्याकडे नाही. व्हाउचर जुळतं किंवा जुळत नाही.

क्रिकेटमध्ये मात्र तो आत्मा आहे. आणि तो मोठा चतुर आत्मा आहे. कुणाच्या अंगात यायचं आणि कुणाच्या मानगुटीवर बसायचं, हे त्याला माणूस बघून बरोबर कळतं.

डॉक्टर डब्ल्यू. जी. ग्रेस यांचं उदाहरण घ्या. दाढी ऋषीची, पोट सावकाराचं. १८८२ साली ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी. सॅमी जोन्स नावाच्या तरुण फलंदाजानं धाव पूर्ण केली आणि चेंडू आता 'मेला' असं समजून तो खेळपट्टी थोपटायला क्रीजच्या बाहेर आला. ग्रेससाहेबांच्या हातात चेंडू होता. त्यांनी शांतपणे बेल्स उडवल्या. जोन्स आऊट. नियमात? शंभर टक्के. तेव्हा ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज स्पॉफर्थ असा काही पेटला की जिंकायला फक्त ८५ धावा हव्या असताना इंग्लंडचा डाव ७७ वर आटोपला, सात धावांनी सामना गेला, वर्तमानपत्रानं इंग्लिश क्रिकेटचा मृत्युलेख छापला आणि त्यातून 'ॲशेस'चा जन्म झाला. ग्रेससाहेबांना शिक्षा काय झाली? लॉर्ड्सला त्यांच्या नावाचं भव्य प्रवेशद्वार आहे, त्यावर 'द ग्रेट क्रिकेटर' असं कोरलंय.

हेच ग्रेस कागदोपत्री 'हौशी' खेळाडू होते. १८९१-९२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्यांना तीन हजार पौंड मिळाले होते, आणि तेही त्या काळचे. कॉमर्सच्या विद्यार्थ्याला याची नोंद कुठे करायची ते कळत नाही. हौस या सदराखाली इतकी जमा मी दुसऱ्या कुठल्याच खात्यावर पाहिलेली नाही.

आता विनू मंकड. १९४७ चा डिसेंबर, सिडनीची कसोटी. देश स्वतंत्र होऊन चार महिने झालेले. बिल ब्राऊन हा ऑस्ट्रेलियाचा फलंदाज गोलंदाजाच्या टोकाला उभा असताना चेंडू पडण्याआधीच क्रीज सोडून पुढे सरकायचा. मंकडनं त्याच दौऱ्यात आधीच्या एका सामन्यात त्याला ताकीद दिली होती, न ऐकल्यावर धावबादही केलं होतं. ब्राऊनसाहेबांची सवय गेली नाही. कसोटीत मंकडनं पुन्हा स्टंप उडवले. नियमात? शंभर टक्के. खुद्द डॉन ब्रॅडमन त्या वेळी ऑस्ट्रेलियाचे कप्तान. त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात मंकडची बाजू घेतली. पण जगानं काय केलं? मंकडच्या नावाचं क्रियापद केलं! 'मंकडिंग'!

विचार करा. या माणसानं १९५२ साली लॉर्ड्सवर एकाच कसोटीत ७२ आणि १८४ धावा काढल्या आणि मधल्या वेळात पाच बळी घेतले. १९५६ साली पंकज रॉयबरोबर ४१३ धावांची सलामी दिली, तो विक्रम पन्नास वर्षांहून जास्त टिकला. या सगळ्यातून जगाच्या शब्दकोशात त्याच्या नावावर जमा काय झालं? एक धावबाद, तोही चोरट्या धावेला निघालेल्या माणसाचा. चोरी ब्राऊनची आणि क्रियापद मंकडचं! जोन्सला आऊट करण्याला 'ग्रेसिंग' म्हटल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? मी तरी नाही. ग्रेसला दरवाजा आणि मंकडला क्रियापद, असा हा हिशेब आहे. आणि 'नॉट क्रिकेट'चा खरा अर्थ शिकवायचा असेल तर रामू-शामूला सोडून मास्तरांनी हाच हिशेब फळ्यावर मांडावा.

हे प्रकरण कित्येक वर्षं नियमावलीत 'अनुचित खेळ' या मथळ्याखाली पडून होतं. लोकांना वाटायचं, अनुचित म्हणजे बाद करणारा. मुळात कलमाचा रोख आगाऊ पळणाऱ्यावर. शेवटी १ ऑक्टोबर २०२२ पासून ते उचलून साध्या 'धावबाद'च्या नियमात ठेवलं गेलं. त्याच्या बरोबर एक आठवडा आधी आपल्या दीप्ती शर्मानं, आणि तेही लॉर्ड्सवरच, इंग्लंडच्या चार्ली डीनला असं बाद करून सामना जिंकून दिला. अंपायरनं बोट वर केलं, धावफलकानं मान्य केलं, आणि तरी 'आत्मा' तळमळला. कुणी त्या फलंदाजाला विचारलं नाही, की बाई, तू पुढे काय बघायला गेली होतीस?

आणि हा आत्मा राहतो कुठे, तर लॉर्ड्सवर, मेरिलबोन क्रिकेट क्लबात. क्लबाची स्थापना १७८७ ची. बायकांना सभासद करून घ्यावं असं क्लबाला वाटलं १९९८ साली. म्हणजे दोनशे अकरा वर्षं तो आत्मा फक्त पुरुषलिंगी होता. नियमांच्या पुस्तकाला 'स्पिरिट ऑफ क्रिकेट'ची प्रस्तावना त्यांनी २००० साली जोडली. २०२३ साली त्याच लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाच्या ॲलेक्स कॅरीनं, चेंडू अजून जिवंत असताना क्रीज सोडून फिरायला निघालेल्या बेअरस्टोला यष्टिचीत केलं. त्या दिवशी क्लबाच्या लाँग रूममध्ये टाय लावलेल्या सभ्य सभासदांनी पाहुण्या खेळाडूंना असं काही सुनावलं की तिघांना निलंबित करावं लागलं. पुढे दोन देशांचे पंतप्रधान यावर बोलले. आत्म्याचं रक्षण करणाऱ्यांना स्वतः शिव्या दिलेल्या चालतात, पण दुसऱ्यानं नियम पाळलेला चालत नाही.

आता हा वाक्प्रचार बोटीत बसून मुंबईला आला, त्याची गोष्ट सांगतो. १८८० च्या दशकात एस्प्लनेड मैदानावर पारशी आणि हिंदू पोरं क्रिकेट खेळत. बॉम्बे जिमखान्याच्या गोऱ्या साहेबांना तिथेच पोलो खेळायची हुक्की आली. स्वतःची क्रिकेटची जागा त्यांनी अर्थातच राखून ठेवली आणि घोडे सोडले ते आमच्या खेळपट्टीवर. टापांनी जमिनीची चाळण झाली. पोरांनी अर्जांवर अर्ज केले. शापूरजी सोराबजी नावाच्या गृहस्थानं १८९७ साली या झगड्यावर पुस्तकच लिहिलं. त्याच्या नावातच 'युरोपियन पोलो विरुद्ध नेटिव्ह क्रिकेट' असं आहे. साहेबाच्या वागण्याला 'हे क्रिकेट नव्हे' असं म्हणायचा शब्दशः खरा प्रसंग इतिहासात तो एकच. ते खरोखरच क्रिकेट नव्हतं. पोलो होता. पण तेव्हा तो वाक्प्रचार कुणा साहेबाला आठवला नाही.

एकट्या साहेबाला कशाला बोल लावायचा? आपण त्याचे गुणी विद्यार्थी. पळवणकर बाळू हा डावखुरा फिरकी गोलंदाज, चर्मकार समाजातला. पुण्याला इंग्रजांच्या क्लबात तो मैदानाची देखभाल करायचा आणि नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी करायचा. हिंदूंच्या संघाला युरोपियनांना हरवायचं होतं, तेव्हा बाळूला घेतलं. मैदानावर सगळे त्यानं टाकलेल्या चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाळूचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले. पण हिंदू संघाचं कप्तानपद त्याला कधीच मिळालं नाही. ते १९२३ साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं, तेही भावंडांनी झगडल्यावर. बाळूला कप्तान करू नये असा नियम कुठे लिहिला होता का? नाही. लिहिलेला नव्हता म्हणूनच तो खोडताही येत नव्हता. अलिखित नियमाची ही खुबी लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

याच मुंबईत, मलबार हिलवर, १९०० साली डग्लस जार्डिन जन्मला. मोठा होऊन तो इंग्लंडचा कप्तान झाला आणि १९३२-३३ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यानं 'बॉडीलाइन' काढली. म्हणजे यष्टीवर चेंडू न टाकता फलंदाजाच्या अंगावर टाकायचा. योजना कप्तानाची, म्हणजे जार्डिनची. तो हौशी, सभ्य गृहस्थ. अंमलबजावणी हॅरल्ड लारवुडची. तो कोळशाच्या खाणीत काम केलेला, पगारी खेळाडू. लारवुडनं हुकुमाप्रमाणे गोलंदाजी केली, ३३ बळी घेतले, मालिका जिंकून दिली. ऑस्ट्रेलियात बोंब झाली. दोन देशांत तारा झाल्या. शेवटी परतल्यावर माफी मागायला कुणाला सांगितलं? लारवुडला! त्यानं नकार दिला. तो पुन्हा इंग्लंडकडून कधी खेळला नाही. आणि जार्डिन? तो पुढच्याच हिवाळ्यात संघ घेऊन हिंदुस्थानात आला आणि डिसेंबर १९३३ मध्ये भारतातली पहिली कसोटी बॉम्बे जिमखान्यावर खेळला. कप्तान म्हणूनच.

हा प्रसंग वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही, कारण आम्ही कारकून मंडळी असे प्रसंग वर्षातून दोनदा पाहतो. टार्गेट वरून येतं, 'कसंही करून करा' हेही वरूनच येतं, आणि तपासणीला माणसं आली की स्पष्टीकरण मात्र काउंटरवरून मागवलं जातं. आमच्या शाखेत अशा स्पष्टीकरणाला लारवुड म्हणायला हरकत नाही.

इथे सज्जन वाचक मला थांबवतील. म्हणतील, अहो, सगळं काय नियमात बसवता येतं का? माणसाला काही चाड हवी की नको? १९८१ साली मेलबर्नला शेवटच्या चेंडूवर न्यूझीलंडला सहा धावा हव्या होत्या, तेव्हा ग्रेग चॅपेलनं धाकट्या भावाला चेंडू हातातून जमिनीवरून घरंगळत सोडायला लावला. नियमात बसत होतं ना? मग ते चांगलं का?

नव्हतंच चांगलं. पण मग पुढे काय झालं बघा. लोकांनी बसून तशा चेंडूवर बंदी आणली. रुंद बॅटचं केलं तेच केलं. वाईट गोष्ट दिसली की तिला लेखी बंदी घाला, आणि ती सगळ्यांना घाला. ही झाली एक रीत. दुसरी रीत म्हणजे नियम आहे तसाच ठेवायचा, आणि कुणी तो वापरला की माणूस बघून नाक मुरडायचं. माझं भांडण या दुसऱ्या रीतीशी आहे.

आणि मोठेपणाचं म्हणाल, तर तो मी मानतो. १९८० साली वानखेडेवर सुवर्णमहोत्सवी कसोटीत अंपायरनं बाद दिलेल्या बॉब टेलरला आपल्या गुंडाप्पा विश्वनाथनं परत बोलावलं. टेलरनं मग बोथमबरोबर १७१ धावांची भागी केली आणि आपण दहा गडी राखून हरलो. विश्वनाथबद्दल आदर वाटतो तो यासाठी की त्यानं स्वतःच्या खिशातून दिलं. दान स्वतःच्या खात्यातून करायचं असतं. दुसऱ्याच्या खात्यातून जे काढतात त्याला दान म्हणत नाहीत. त्याला काय म्हणतात ते आमच्याकडे शाखेत बोर्डावर लावलेलं असतं. 'मंकडनं मोठेपणा दाखवायला हवा होता' असं ब्राऊनच्या बाजूच्यांनी म्हणणं, ही दुसऱ्याच्या पासबुकावरची उदारता आहे.

आता तुम्ही म्हणाल, इंग्रजांच्या भाषेतला वाक्प्रचार; म्हणेना का कुणी. आपल्याला काय त्याचं? तर सांगतो. हा वाक्प्रचार आपण मराठीत कधीच घेऊन टाकलाय. फक्त त्यातलं क्रिकेट काढून. मराठी मध्यमवर्गात त्याला 'बरं दिसत नाही' असं म्हणतात.

'नियमाप्रमाणे तुमचं बरोबर आहे हो, पण बरं दिसत नाही.' हे वाक्य ऐकलं नाही असं एक मराठी घर, एक कचेरी, एक हौसिंग सोसायटी मला दाखवा. मोलकरणीनं आठवड्याची सुट्टी मागितली – बरं दिसत नाही. भाडेकरूनं पावती मागितली – बरं दिसत नाही. सुनेनं स्वतःच्या पगाराचं खातं स्वतःकडे ठेवलं – बरं दिसत नाही. आणि कारकून वेळ संपल्यावर उठून घरी निघाला, तर ते साहेबाला अजिबातच बरं दिसत नाही. मोलकरणीला सुट्टी नाकारणारी बाई कधी कुणाला वाईट दिसली आहे? 'बरं दिसत नाही' हे वाक्य वरून खाली येतं. नळाचं पाणी येतं तसं. खालून वर चढवायला पंप लागतो.

माझ्या टेबलावर मृत खातेदारांच्या रकमेचे दावे येतात. वडील जातात, नॉमिनी नसतो, मृत्युपत्र नसतं. मग सगळे वारस शाखेत येतात. दोन भाऊ, एक बहीण. कायदा काय सांगतो? वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वारसा १९५६ सालापासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीतही महाराष्ट्रानं १९९४ साली आणि संसदेनं २००५ साली मुलीला मुलाच्या बरोबरीला आणून बसवलं. म्हणजे नियम चोख आहे. पण आमच्याकडे एक छापील फॉर्मही आहे. 'या रकमेवरील माझा हक्क मी इतर वारसांच्या नावे सोडत आहे.' तो भरायला भाऊ बसतात आणि सही करायला बहीण पुढे होते. न वाचता. विचारलं तर हसून सांगते, 'माहेर तुटायला नको, भाऊ. मागितलं तर बरं दिसत नाही.'

भावानं तिला दम दिलेला नसतो. तो चांगला माणूस असतो. राखीला तो साडी घेतो. तो फक्त चेंडू पडायच्या आधी दोन पावलं पुढे जाऊन उभा राहिलेला असतो, आणि सगळ्या नात्यागोत्याला खात्री असते की बहीण काही स्टंप उडवणार नाही. आणि समजा उडवलेच? एखादीनं शांतपणे म्हटलं, 'दादा, माझा तिसरा हिस्सा माझ्या खात्यात जमा होऊ दे', तर? तर त्या खानदानात पुढच्या तीन पिढ्या तिच्या नावाचं क्रियापद करून वापरतील. 'बघ हं, कुमुदसारखं करू नकोस.' दादाच्या नावाचं मात्र, कदाचित, सोसायटीला प्रवेशद्वार होईल.

हक्क सोडायचा तर जरूर सोडावा. विश्वनाथसारखा, उघड्या डोळ्यांनी, स्वतःच्या मर्जीनं सोडावा. पण सोडणारी एकटी बहीणच का असते? इतकी वर्षं या टेबलावर आहे, त्या फॉर्मवर भावाची सही आणि बहिणीच्या नावे रक्कम, असं मी पाहिलेलं एका हाताच्या बोटांवर मोजता येईल, आणि त्यातलीही बोटं उरतील.

म्हणून माझी सूचना अशी, की 'नॉट क्रिकेट' आणि 'बरं दिसत नाही' ही दोन्ही खाती आता बंद करावीत. खेळातलाच वाक्प्रचार हवा असेल तर आपल्याकडे एक जुना, खणखणीत आहे : 'रडीचा डाव'. त्याला क्लब नाही, टाय नाही, प्रस्तावना नाही. तो चाळीतलं शेंबडं पोरही बॅटच्या मालकाला तोंडावर ऐकवू शकतं. आणि तो कुणाला म्हणायचा हे अगदी स्पष्ट आहे. जो नियमानं आऊट झाला आणि तरी हटत नाही, त्याला. आऊट करणाऱ्याला नव्हे.

तोवर माझ्यापुरतं मी एक करतो. फॉर्मवर सही करायला बहीण पेन उचलते तेव्हा मी म्हणतो, 'ताई, आधी नीट वाचा. घाई नाही. हवं तर घरी घेऊन जा, उद्या आणा.' हे सांगणं माझं कामच आहे. भाऊ घड्याळाकडे बघतात. गेल्या महिन्यात एक जण तर थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला. मॅनेजरनं मला बोलावून विचारलं, 'काय हो, ते म्हणतायत त्यात नियमाबाहेर काही झालंय का?' मी म्हटलं, नाही. साहेबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, 'तसं काही नाही. पण जरा बरं दिसत नाही.'

त्या ताई फॉर्म घेऊन घरी गेल्या आहेत. अजून आलेल्या नाहीत.